पत्र्याची सवत

स्थळ बघायला गेलेला थोरला भाऊ घरी येऊन म्हणाला होता, "पोरगा निर्व्यसनी आहे." तिथं बहिणीला आधीच एक सवत आहे, हे मात्र त्याच्या नजरेतून सुटलं.

ही सवत पत्र्याची होती. विमानवाहू जहाजावर राहायची. पहिल्यावहिल्या जेट लढाऊ विमानांतली एक. नवऱ्यानं तरुणपणी ती उडवली आणि पुढं जन्मभर तिचे गोडवे गायले. ऐकून ऐकून बायकोनं तिच्यावर ओवीच रचली. भांडी विसळताना ती गुणगुणायची:

सवत माझी गं पत्र्याची, तिला सासू ना सासर
रॉकेल पिते घटाघटा, सोडी धुराचा पदर

नवऱ्याला मित्र 'घार' म्हणायचे, ते त्याच्या नजरेपायी. त्या घारीच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की घार फणकारायची, "मला सगळं लख्ख दिसतं!" आणि लख्ख दिसणारा हा माणूस गाडी चालवायचा. एकदा त्यानं रस्त्याकडेच्या टपालपेटीसाठी गाडी थांबवून 'आधी तुम्ही जा' म्हणून हात केला. तिथवर हसण्यावारी नेता आलं. पण परवा एका शाळकरी मुलीच्या सायकलला गाडी घासली. मुलगी वाचली, घंटा चेपली. "खड्डा होता," तो म्हणाला. तेव्हापासून बायकोला एकच धास्ती होती. हा माणूस आज ना उद्या कुणाचं तरी लेकरू चिरडणार.

तरी आज ती त्याच्या शेजारी बसून, जीव मुठीत धरून, संग्रहालयात आली. सवत आता तिथं असायची. दरवर्षी तिच्याभोवती जहाजावरचे जुने सोबती, आता म्हातारे झालेले, जमायचे.

"काय गुणाची होती!" ग्रीसभाऊ म्हणाला. तो तिचं इंजिन सांभाळायचा. "तेल गळलं नाही असा एक दिवस गेला नाही."

"वेगाचा थ्रॉटल ढकलला तरी आधी विचार करायची," घार कौतुकानं म्हणाली. "मोठ्या घरची लेक. हाकेसरशी ओ देईल होय?"

"तुला दोनदा समुद्रात बुडवलं तिनं."

"पण किती अलगद!"

बायकोनं चहाचा कप जरा आपटूनच ठेवला. "माझ्या हातून एकदा मीठ जास्त पडलं होतं, भावजी. ते अजून निघतं."

बुडवल्याची आठवण काढणारा तो आरसेवाला. जहाजाच्या कडेला मोठा आरसा असायचा, त्यात नारिंगी दिवा चमकायचा. तो मधोमध दिसला की उतरणाऱ्यानं समजायचं, उंची बरोबर आहे. विमान जवळ आलं की आरसेवाला रेडिओवर विचारायचा, "दिवा?" दिसला तर 'दिसतो', नाही तर 'नाही'. 'नाही' म्हटलं की परत वर जायचं, त्यात कमीपणा नव्हता. ही मंडळी साहेबाला थापा मारत, बायकोला तर रोज मारत. या एका प्रश्नाला कुणी मारली नाही. बायकोनं हे हजारदा ऐकलं होतं, जांभया देत.

यंदा संग्रहालयानं तो आरसा दुरुस्त करून दालनाच्या पार टोकाला मांडला होता. मग काय, घारीला कॉकपिटमध्ये बसवायचं ठरलं. वरून ग्रीसभाऊनं ओढलं, खालून रखवालदारानं रेटलं. आत बसताच त्याचे हात न बघता एकेका दांडीवर गेले. चेहरा नवरदेवासारखा फुलला.

आरशापाशी उभं राहून आरसेवाल्यानं तोंडापुढं हातांचा कर्णा केला. "दिवा?"

घार पुढं वाकली. चष्मा पुसला. पुन्हा वाकली. गंमत म्हणून हसणारे म्हातारे आता आरशाकडं वळून बघू लागले.

"नाही."

"लागला नाही वाटतं," म्हणत रखवालदार धावला. दिवा ढळढळीत जळत होता.

आरसेवाल्याची पाठ ताठ झाली. "मग वर जा," तो म्हणाला.

घारीनं थ्रॉटल पुढं ढकलला, पार शेवटपर्यंत. सवत जागची हलली नाही. बायको मात्र हलली.

बाहेर आल्यावर तो सवयीनं चालकाच्या दाराशी गेला. ती आडवी उभी राहिली. समोर चौकातल्या सिग्नलकडं बोट केलं आणि उभ्या जन्मात प्रथमच तो शब्द उच्चारला.

"दिवा?"

"दिस..." त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे किलकिले करून चौकाकडं बघितलं. मग किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "नाही."

"उद्या डोळ्यांचा डॉक्टर."

"बरं."

घरापर्यंत तो शेजारी बसून "वेग उतरव, नाक वर धर" करत होता. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा गहिवरून म्हणाला, "बघ, तिच्यात बसून मला खोटं बोलवेना. फार गुणाची गं ती."

दोन वर्षं डॉक्टर-डॉक्टर म्हणून घसा कोरडा केलेल्या बायकोनं एक मोठा श्वास घेतला.

"आहेच," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाताना तिच्यासाठी डबाभर रॉकेल नेऊ."