पाव फेरी

बुधवारी साडेदहापर्यंत आमची प्रयोगशाळा दीड हात आखूड झाली होती. मास स्पेक्ट्रोमीटर ती आत ओढून घेत होता. आम्ही खुर्च्या पुढे सरकवून काम चालू ठेवलं.

त्या यंत्राच्या पोटात निर्वात पोकळी लागते, तरच द्राक्षांवरची फवारणी सापडते. आता त्याला नुसती हवाच सापडत होती. म्हणजे कुठेतरी गळती. सोमवारी चारुलताने नवी नळी जोडली होती. एकदा यंत्र तापून निघालं की नळीचा नट सैल होतो, तो पाव फेरी पुन्हा आवळायचा. ते काम माझं. मी चहाला गेलो, आणि आल्यावर वहीत ‘आवळला’पुढे बरोबरची खूण केली.

“नट कुणी बसवला?” इनामदार मॅडमनी विचारलं. त्यांच्या हातात मेमो होता, नावाची जागा कोरी. तिसरा मेमो म्हणजे घरी. चारुलताचे दोन झाले होते.

“चारुलताने,” मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात. खोली हातभर आखूड झाली.

“नंतर आवळला?”

“वहीत खूण आहे ना, मॅडम.” खिडकी माझ्या पाठीला टेकली.

दुरुस्तीवाले तुंगारे तिरके होऊन आत आले. त्यांनी ॲसिटोनचा बोळा सांध्यासांध्यावरून फिरवला. गळती असेल तिथून वाफ आत जाते आणि पडद्यावर टेकाड उठतं. नटापाशी उठलं नाही. दारापाशी नाही, चारुलतापाशीही नाही. माझ्या खिशातल्या पेनापाशी ते पडद्याच्या वरपर्यंत गेलं.

“नट बरा आहे,” तुंगारे म्हणाले. “साहेबच गळतायत.”

“काहीतरीच काय,” चारुलता म्हणाली. “आमचे खैरनार सर कशाला गळतील? तुमचा बोळाच बिघडलाय.”

माझे कान तापले. एव्हाना आम्ही चौघं गालाला गाल लावून उभे होतो आणि नट माझ्या ओठांशी आला होता.

“नट मी आवळला नाही,” मी म्हणालो.

ते कुणाला ऐकू गेलं नाही. यंत्राने ते आत घेतलं. पडद्यावर नवं टेकाड उठलं. यंत्राने ते आपल्या साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि कागद बाहेर दिला: चारुलता गोसावी, जुळणी चौऱ्याण्णव टक्के.

“यंत्राला काय पडलंय खोटं बोलायचं,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नाव भरलं.

चारुलताने सहीसाठी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. पेन होतं तिथे बारीक फुसफुस सुरू झाली. तिने एका हाताने सही केली. दुसऱ्या हाताचा तळवा त्या भोकावर घट्ट दाबून धरला.

“हलू नका, सर,” ती म्हणाली. “थांबतंय आता.”