थोरल्या बाईसाहेबांचा गुलाब

"हा गुलाब," गाइड छाती फुगवून म्हणाला, "थोरल्या बाईसाहेबांनी माहेराहून आणला. स्वतःच्या हातांनी इथे लावला!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. पायवाट झाडणाऱ्या बाईने खराटा जरा जोरातच ओढला. धूळ नेमकी गाइडच्या चकचकीत बुटांवर बसली.

स्वतःच्या हातांनी म्हणे! त्या बाईंनी जन्मात कधी पाण्याचा पेला तरी स्वतः उचलला असेल का? जुनं घर, जुनी बाग, तिकीट काढून बघायला येणारे नवे कपडे. आणि बघायचं काय, तर पाट्या. बाईसाहेबांचा खरा गुलाब केव्हाच वाळून काटकी झाला होता. तेव्हा बागेचा माळी, म्हणजे हिचा नवरा, घरी डोक्याला हात लावून बसला. "आता नोकरी गेली गं." मग हिनेच आपल्या दारातला गुलाब मुळासकट काढून दिला. आईने सासरी पाठवताना ओटीत घातलेलं रोप होतं ते. पुढे आई गेली, आईचं घर गेलं. उरला एवढा गुलाब, तोही दुसरीच्या नावावर नांदणारा.

पाहुणे पांगले. मॅनेजर मोबाइल कानाला लावूनच आला. मागोमाग कुदळ घेऊन माळी.

"रविवारी लग्नाची पार्टी आहे. इथे कमान येणार. हे झुडूप काढा."

"साहेब, ऐतिहासिक आहे ते," गाइड चाचरला.

"फूल आहे का त्याला एक तरी? कमानीला प्लास्टिकचे गुलाब लावू, बारा महिने ताजे. पाटी तेवढी राहू दे."

खराटा थांबला.

"साहेब, तो गुलाब माझाय. माझ्या आईचा."

माळ्याने डोळे वटारले. मॅनेजर खो-खो हसला. "मावशी, थोरल्या बाईसाहेब तुमच्या कोण हो, मावसबहीण?"

"उद्या म्हणाल, बंगलाही माझाच," गाइडने री ओढली. "ऐतिहासिक ठेवा आहे हा, मावशी. असा कुणीही हक्क सांगायचा नसतो."

"बरोबर," मॅनेजर म्हणाला आणि माळ्याकडे वळला. "उपटा आणि कचऱ्यात टाका."

ती दोघांकडे बघत राहिली. तिने मागितला की ठेवा, त्यांना आड आला की कचरा!

"गप बस ना गं," माळी पुटपुटला.

"गप्पच होते इतकी वर्षं. तुमच्या नोकरीपायी." तिने त्याच्या हातातली कुदळ ओढून घेतली. "व्हा बाजूला. मुळं तोडाल तुम्ही."

माळी क्षणभर उभा राहिला. मग खाली बसला आणि हातांनीच माती उकरू लागला. ओल्या पोत्यात गुंडाळलेला गुलाब दोघांनी फाटकातून नेला. कुठे नेताय, हे कुणी विचारलं नाही; कचऱ्याची चौकशी कोण करतो?

रविवारी कमान झगमगली. लग्नाला आलेली एक हौशी बाई पाटी वाचून फुलाशी वाकली. नाक मुरडून म्हणाली, "वास नाही हो याला."

"जुन्या जातीला नसतोच," गाइडने ठोकून दिलं. "मावशी, सरका जरा, फोटोत येताय."

ती सरकली. खाली गळून पडलेला एक प्लास्टिकचा गुलाब तिने पाचोळ्याबरोबर सुपलीत ओढला. खराटा धरलेल्या हातांवरचे काट्यांचे ओरखडे अजून ताजे होते.