हातात न दिलेलं आइस्क्रीम

डोकं खाली, पाय वर, केस जमिनीकडे लोंबतायत आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडतेय, "परत! अजून एकदा!" शेजारच्या खुर्चीतले चष्मेवाले गृहस्थ डोळे घट्ट मिटून म्हणाले, "पोरी, आधी हे तर थांबू दे."

ही मी. जी आठवीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा बाकाकडे बघून म्हणायची. बाईंना वाटायचं, मी रोज गैरहजरच असते. मग कसा कोण जाणे, नववीत कुठला तरी बोळा निघाला आणि मी जी बोलायला लागले ती थांबेचना. विद्यार्थी अदलाबदलीसाठी नावं मागवली तेव्हा माझा हात वर्गात सगळ्यात आधी वर गेला. आईला घरी सांगितलं तर ती म्हणाली, "चार महिने? परक्या देशात? तू? अगं, तू कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिलसुद्धा माझ्याकडून आणवतेस." मी म्हटलं, "आणवत होते. भूतकाळ."

तर आले. आज सहावा दिवस होता आणि मी थीम पार्कमध्ये उलटी टांगलेली होते.

खाली उतरले. कठड्यापाशी झिपरी उभी होती, माझी बॅग, माझा चष्मा, माझी टोपी सगळं सांभाळत. झिपरी म्हणजे ज्यांच्याकडे मी राहते त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. हे नाव त्यांच्याकडेच राहणाऱ्या तिच्या आजीने ठेवलंय आणि केस बघितले की दुसरं काही सुचणारही नाही. तिला साध्या झोपाळ्यावरही गरगरतं, त्यामुळे ती कशातच बसत नव्हती. पण माझ्यासाठी प्रत्येक रांगेत शेवटपर्यंत उभी राहत होती.

"कसं होतं?"

"मेले! मस्त! तू पण चल ना."

"मला इथूनच उलटी येतेय. थांब, आइस्क्रीम आणते."

तिने दोन कोन आणले. एक स्वतःच्या हातात धरला. मी हात पुढे केला. तिने काय करावं? कठड्यावर कागदी रुमाल पसरला, माझा कोन खांबाला तिरका टेकवून ठेवला, हात वर उचलला आणि एक पाऊल मागे सरकली. कोन कुठे उभा राहतो का? तो गोल फिरला, घरंगळला आणि पचकन खाली पडला.

"अगं, पटकन उचलायचास ना!" ती म्हणाली.

मी हसले. पण वरवर. कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं.

त्या घरात कोणी मला हातात काही देतच नव्हतं. पहिल्या दिवशी झिपरीच्या आईने, म्हणजे काकूंनी, घराची किल्ली दिली. म्हणजे टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. मला वाटलं, असेल. मग चहाचा कप. मग पेन. झिपरीकडे मोबाइल मागितला तर पलंगावर ठेवून म्हणे, "घे." तिसऱ्या दिवशी मी साबणाने दोनदा हात धुतले, वास येतो की काय म्हणून. चौथ्या दिवशी मोजायला लागले. ताट, छत्री, कंगवा, साधं टाचणीचं डबडं. एकूण सतरा वेळा. एकदाही बोटाला बोट लागलं नाही.

बाकी दोघी इतक्या चांगल्या की राग तरी कशाचा धरावा? काकू माझ्यासाठी जाड पांघरूण शोधून काढतात, झिपरी माझे विनोद न कळताही हसते. हातात मात्र काही देत नाहीत. आमच्याकडे तर पाहुण्याला पाण्याचा पेला असा हातात देतात की निम्मं पाणी त्याच्या शर्टावर सांडतं.

विचारायचं ना सरळ? मला माहितीय, तुम्ही हेच म्हणणार. भर पार्कात परक्या माणसांच्या शेजारी किंचाळणारी मुलगी एवढं विचारू शकत नाही? नाही शकले. विचारलं असतं आणि त्यांनी खरंच काही सांगितलं असतं, तर ते ऐकून पुढचे पावणेचार महिने त्याच घरात कशी राहणार होते मी?

परतीच्या बसमध्ये झिपरी खिडकीशी पेंगत होती. मी फोन काढला आणि आमच्या अदलाबदलीच्या मॅडमना मेसेज लिहिला. "मला दुसरं घर मिळेल का? इथे मी नकोशी आहे असं वाटतं." तीनदा पुसला, चौथ्यांदा पाठवला. लगेच उत्तर आलं. "काळजी करू नकोस. एक घर आहे. उद्या घरच्यांशी बोलते आणि चार वाजता तुला न्यायला येते."

मी फोन खिशात टाकला. तेवढ्यात बस वळली आणि झिपरीचं डोकं घरंगळत येऊन माझ्या खांद्यावर विसावलं. ती घोरायला लागली. मी पुढच्या सहा थांब्यांपर्यंत खांदा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. काकू तिथे काम करतात. रविवारी लोकांना बारानंतर सोडतात, म्हणून आम्हाला त्या सकाळी आठलाच मागच्या दाराने आत घेऊन गेल्या. दाराशी कपाटांची रांग होती. फोन, अंगठ्या, घड्याळं, गळ्यातलं, सगळं काढून आत ठेवायचं. काकूंनी आपला फोनही शेजारच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता तुला ते दाखवते जे तिकीट काढणाऱ्यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. इतक्या खुशीत की मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

दिसलं काय, तर राजवाडा अंघोळ करत होता! दिवाणखान्यात एक बाई गुडघ्यांवर बसून रंगाच्या ब्रशने खुर्चीच्या पायावरच्या लाकडी सिंहाचे दात घासत होती. दोन माणसं गालिचा गुंडाळत होती. बिछान्याच्या पडद्यांवर जाळी धरून, त्यावरून व्हॅक्यूम फिरवून ते साफ करणं चाललं होतं. आणि राणीच्या पलंगाखाली एकाचे फक्त बूट दिसत होते. "राजे आहेत का?" मी विचारलं. पलंगाखालून आवाज आला, "राजे नाहीत, सुतार आहे. वाळवी बघतोय." मी एवढ्या मोठ्याने हसले की सिंहवाल्या बाईंनीही ब्रश थांबवला.

त्या दिवशी काकूंकडे जेवणघरातलं काचेचं कपाट होतं. आतली एकशे चार चिनी मातीची भांडी बाहेर काढून पुसून परत ठेवायची. शिडीवर काकू, खाली झिपरी. ती सुट्टीच्या दिवशी मदतीला येते. दोघींच्या मध्ये एक टेबल, त्यावर जाड मऊ गादी. मला सुती हातमोजे मिळाले आणि मी लगेच स्वतःला राजघराण्यातली समजायला लागले.

काकूंनी शिडीवरून पहिली बशी काढली. निळ्या वेलींची, कडेला सोनं, इतकी पातळ की पलीकडून त्यांची बोटं दिसत होती. मला वाटलं, खाली वाकायला त्यांना त्रास होईल. म्हणून मी पुढे झाले आणि दोन्ही हात वर करून बशी धरायला गेले.

"हात मागे!"

काकू आणि झिपरी एकदम ओरडल्या. पलंगाखालचा सुतारसुद्धा शेजारच्या खोलीतून "काय फुटलं?" करत आला. मी जागच्या जागी थिजले. झालं, वाटलं, आता उघड उघडच.

काकू सावकाश शिडीवरून उतरल्या. बशी गादीवर ठेवली, दोन्ही हात वर उचलले. "ठेवली," म्हणाल्या. झिपरी पुढे आली. "घेतली," म्हणाली आणि बशी उचलून पुसायला लागली.

"सॉरी हं, घाबरलीस," काकू म्हणाल्या. "पण इथे हातातून हातात काही द्यायचं नाही. कधीच नाही. देणारी समजते, हिने धरलं. घेणारी समजते, तिने अजून सोडलं नाही. आणि दोघींच्या समजुतीमधून बशी खाली. माझ्या पहिल्याच वर्षी झालंय. अकरा तुकडे." त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "ती बघ, चिकटवलेली. फुटकी बाजू भिंतीकडे."

"आणि आता ही सवय घरात आलीय," झिपरी म्हणाली. "मीठ असो, रिमोट असो, आई ठेवूनच देते. मलाही तेच लागलं. बाबा महिनाभराने ट्रक घेऊन घरी येतात ना, पहिले दोन दिवस हात पुढे करून उभेच असतात. भिकाऱ्यासारखे!"

"लग्न ठरताना तर त्यांना वाटलं होतं, मला ते पसंतच नाहीत," काकू हसत म्हणाल्या. "अंगठी टेबलावर ठेवली होती ना मी."

सगळे हसले. सुतारही.

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोरून सहा दिवस भराभर गेले. काकूंनी झिपरीचा डबा ओट्यावर ठेवलेला. झिपरीने काकूंचा चष्मा उशीवर ठेवलेला. हे सगळं मी पाहिलं होतं! पण मोजत होते फक्त माझ्या वाट्याचं.

आणि काकूंचा फोन कुलपात होता. मॅडमनी आतापर्यंत फोन केलेला असणार. बाहेर पडल्यावर काकू तो हातात घेणार आणि त्यांना कळणार, तेही दुसऱ्या कोणाकडून.

"मला जरा बाहेर जायचंय," मी म्हटलं. दाराजवळच्या कपाटांकडे पळाले, माझा फोन काढला, मॅडमना लावला. उचलेनात. मेसेज टाकला, "चूक झाली, येऊ नका." तो वाचलाही गेला नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शेजारच्या कुलूपबंद कपाटात काकूंचा फोन गुरगुरत होता. थांबला. परत गुरगुरला.

कुणाला न सांगता मिटवता येईल का, हा विचार मी केला. प्रामाणिकपणे सांगते, केला. पण तो फोन काही गप्प बसत नव्हता.

कामगारांच्या खोलीत सगळे डबे उघडत होते तेव्हा मी काकूंसमोर जाऊन उभी राहिले. हातमोजे काढायचे राहिलेच होते.

"काकू, मी काल मॅडमना सांगितलंय की मला तुमच्या घरी राहायचं नाही. त्या चार वाजता येतायत. तुम्ही मला हातात काही देत नाही म्हणून मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही. किंवा माझी किळस येते. मी सतरा वेळा मोजलं. आता कळलं. मला जायचं नाहीये."

एका दमात म्हटलं.

काकूंनी डबा बंद केला. "सहा दिवस?"

"हो."

"सहा दिवस तू हे घेऊन माझ्या टेबलावर जेवत होतीस?"

मी मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं ते मोज्याने पुसलं.

"वा!" झिपरी उसळली. "माझ्या आईने तुझ्यासाठी खोली रंगवली, माहितीय? किळस म्हणे!" आणि खुर्ची मागे ढकलून निघून गेली.

काकू उठल्या, कुलूप उघडलं, फोन लावला. मी शेजारीच होते. मॅडमचा आवाज ऐकू येत होता, खूप जपून, खूप गोड. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाही, तुम्ही येऊ नका. ती माझ्यासमोरच उभी आहे. तिनेच सांगितलं." मग फोन कपाटाच्या फळीवर ठेवला, मी तो उचलला आणि म्हटलं, "मॅडम, मला इथेच राहायचंय. हो, नक्की. नाही, कोणी दबाव टाकत नाहीये." मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण हे लेखी पाठव.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही रागावलात?"

"वाईट वाटलंय," काकू म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत वाटत राहील. पण घर बदलण्याइतकं नाही. जेव आता."

उरलेली भांडी आम्ही तिघींनी पुसली. झिपरी माझ्याशी "ठेवली" आणि "घेतली" यापलीकडे एक अक्षर बोलली नाही. दुपारी राजवाडा लोकांसाठी उघडला तेव्हा काकूंनी आम्हाला बागेत पिटाळलं. झिपरी पुढे, मी चार पावलं मागे. कारंजी झाली, भुलभुलैया झाला, पुतळ्यांची रांग झाली. प्रत्येक पुतळ्याला नाक होतं, आणि झिपरीचं त्या सगळ्यांच्यापेक्षा वर होतं.

शेवटी ती गर्रकन वळली. "तू घोरतेस."

"मी? काल बसमध्ये तू घोरत होतीस!"

"मी दमले होते. तू रोज घोरतेस. आणि अंघोळीला गेलीस की गाणी म्हणतेस, बेसूर. आणि माझा टॉवेल वापरतेस."

"कुठला टॉवेल?"

"निळा! दाराच्या मागचा! पहिल्या दिवसापासून! तुझा पिवळा आहे, खुंटीवर, घडी करून, तुझ्यासाठी नवीन आणलेला!"

"मला वाटलं, तो शोभेचा आहे!"

"शोभेचा टॉवेल?"

"मग सांगायचं ना मला! सहा दिवस तू काय करत होतीस?"

झिपरी पुतळ्याच्या चौथऱ्यावर मटकन बसली. "केस वाळवायचं मशीन वापरत होते," ती म्हणाली. "सगळ्या अंगाला. पाहुण्याला कसं सांगायचं?"

मला हसू आवरेना. तिलाही. जवळून जाणाऱ्या एका बाईंनी आपल्या मुलाला आमच्यापासून जरा लांबून नेलं.

"अजून काय आहे?" मी तिच्या शेजारी बसत विचारलं. "सगळं सांगून टाक. मलाही विचारायचंय. तुझी आजी जेवताना माझ्याकडे टक लावून का बघते?"

"तिला चष्मा हवाय. तिला तू नीट दिसतच नाहीस. तू उजव्या चपलेचा आवाज का करतेस?"

"ती सैल आहे. तुम्ही खिडक्या रात्रीसुद्धा उघड्या का ठेवता?"

"तुला थंडी वाजते? मग बोलायचं ना, बाई!"

बाग बंद व्हायची शिट्टी झाली तेव्हा आमच्या तक्रारी अजून स्वयंपाकघरापर्यंतही पोचल्या नव्हत्या. दारात काकू आमची वाट बघत उभ्या होत्या, आणि झिपरी चालता चालता बोटांवर मोजत होती, माझ्याबद्दलचं अजून काय काय राहिलंय.