चारबोटे

"अगं, तो नव्हे! त्याच्या मागचा नट."

"मग 'तो' असं कशाला म्हणता? इथं सगळेच 'तो' आहेत," यंत्राखालून बायको म्हणाली.

गवत कापायच्या यंत्रापाशी तो काठी टेकून उभा होता. सगळे त्याला चारबोटे म्हणत. आडनाव म्हणून नव्हे, तर कुणाचंही कुरण कापताना तो चार बोटं गवत मागे ठेवायचा म्हणून. त्याहून खाली कापलं की मुळं उघडी पडतात, गवत पुन्हा जोमानं येत नाही. पण अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. आज बायकोला कापणी जमली नाही, तर यंत्र पुतण्याला देऊन टाकायचं ठरलं होतं.

पात्याच्या दांड्याखाली दोन्ही टोकांना लोखंडी बूट होते. त्यांच्यावर दांडा जमिनीवरून घसरत जाई.

"बूट खाली घे, म्हणजे पातं वर येईल."

"खाली घेतल्यावर वर कसं येईल?"

"लग्नात तू उंच टाचांच्या चपला घातल्या होत्यास. माझ्या कानापर्यंत आली होतीस की नाही?"

"इश्श! पाना द्या इकडं."

दोन्ही बूट बसवून ती ट्रॅक्टरवर चढली. चारा वाहून आणताना तिने तो पुष्कळदा चालवला होता. कापणी मात्र कधीच केली नव्हती. पहिला पट्टा कापून तिने मागे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. एका बाजूला गवत ठीक होतं, दुसऱ्या बाजूला माती खरवडली गेली होती.

"बोला आता काय बोलायचं ते."

"बोलायचं काय? त्या बाजूचा बूट एक भोक वर राहिलाय. इंजिन बंद कर आणि उतर."

तिने नट पुन्हा सोडवला, बूट खाली सरकवला, दात-ओठ खाऊन नट आवळला. दुसरा पट्टा कापून झाला. त्याला वाकता येत नव्हतं. त्याने चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल कापलेल्या गवतात ठेवलं. मग दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा ठेवलं.

तिने ट्रॅक्टर थांबवला. "चुकलं का हो?"

"नाही. चार बोटं भरली. थांबू नकोस. आभाळ भरून येतंय."

ती वळण घेऊन परत आली, तेव्हा तो तिच्या वाटेतच उभा होता. त्याने काठीने चप्पल पुढे सरकवली आणि हळूहळू बाजूला झाला.