सात वंशावळींतली एकच तारीख

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मामाने तर फुंकायचीही तयारी ठेवली नव्हती, ताक दारात येण्याआधीच ओतून टाकायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी दुपारी त्याच्या भाचीच्या घरी एक बाई येणार होती. आपण भाचीच्या आईची धाकटी बहीण आहोत, असं तिचं म्हणणं. आईला अशी एक बहीण होती हे खरं. आजी अचानक वारली तेव्हा ती जेमतेम चालायला लागलेली. आजोबांनी तिला एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याच्या पदरात घातलं, त्या जोडप्याने गाव सोडलं, आणि पोरगी गेली ती गेलीच. आईने तिला शोधायचं कधी सोडलं नाही. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी 'मीच ती' म्हणत आलेली एक ठग बाई आठवडाभर लाड करून घेऊन आईच्या बांगड्यांसकट पसार झाली, तेव्हा आईने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले होते, असा दुसरा धक्का या हृदयाला झेपायचा नाही.

आता आई आतल्या खोलीत झोपली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाहेर टेबलाशी मामा आणि भाची समोरासमोर बसले होते, मध्ये लॅपटॉप.

मामा म्हणजे निवृत्त शिक्षक. वंशावळीच्या साइटवर घराण्याची सगळी पाळंमुळं त्यानेच मांडलेली, म्हणून नातेवाईक त्याला 'वंशावळमास्तर' म्हणायचे, आणि त्याला ते मनातून आवडायचंही. त्याचं म्हणणं सरळ होतं. साइटवर एक नाही, सात वंशावळींत धाकटीच्या नावापुढे मृत्यूची तारीख आहे, सातांतही एकच. सात जणांना काय एकच स्वप्न पडलं?

भाची विमा कंपनीत दावे तपासायची. सात कागद एकच गोष्ट सांगायला लागले की तिला संशय यायचा. तिने सातही वंशावळी शेजारीशेजारी उघडल्या आणि तारीख सोडून बाकीचं वाचू लागली. आणि काय बघते? सातही ठिकाणी आजोबा आपल्या मुलापेक्षा, म्हणजे या समोर बसलेल्या मामापेक्षा, लहान! जन्मवर्षातले दोन आकडे कुणीतरी उलटे टाकले होते. एकाची चूक होऊ शकते, पण सात जण तीच चूक करतात तेव्हा सहा जणांनी नक्कल केलेली असते. मेंढरामागे मेंढरू, दुसरं काय!

तिने एकेकाचा आधार उघडून पाहिला. याने त्याचं बघून उतरवलेलं, त्याने तिसऱ्याचं. मृत्यूचा दाखला कुणाकडे नाही, दवाखान्याचं कागदपत्र नाही. सगळ्यात जुनी नोंद होती मामाची.

"मामा, यांनी तारीख तुझ्याकडून घेतली. तू कुठून घेतलीस?"

मामाने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. इतरांकडेही तीच आहे, एवढंच तो पुटपुटला. भाचीने पुन्हा तेच विचारलं, आवाज न चढवता. तेव्हा त्याचे खांदे पडले.

"साइटवर जिवंत माणसाचं नाव बाहेरच्यांना दिसत नाही गं. झाकून ठेवतात. मेल्याचं लिहिलं तरच दिसतं. म्हटलं, नाव दिसलं तर कुणी ओळखीचं सापडेल. तारीख टाकावी लागते, म्हणून शेवटची पाहिली तो दिवस टाकला. ते जोडपं तिला घेऊन निघालं त्या गाडीत तिचं गाठोडं मीच ठेवलं होतं."

पुढे चारपाच वर्षांनी तीच तारीख दुसऱ्यांकडे दिसू लागली, तेव्हा त्याला वाटलं, यांना कुठूनतरी खरं कळलं असणार, आपण टाकलेली तारीखच खरी निघाली. आपणच पेरलेलं उगवलंय हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. तो बहिणीसाठी रडला होता, एकटाच.

भाचीला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी एक गोष्ट आठवली. बाईने येण्याआधी पाठवलेल्या निरोपात एक वाक्य होतं, ते दोघांनी वेडगळ म्हणून सोडून दिलं होतं. 'तुम्ही माझ्या मरणाची जी तारीख दिली आहे, त्याच दिवशी आमच्या घरी माझा वाढदिवस करायचे.' तारीख साइटवर कुणीही वाचेल. पण ती तारीख पोरगी नव्या घरी आल्याची आहे, हे ठगाला कसं कळणार?

"तिला फोन लाव," ती म्हणाली.

सकाळीच लावला होता, मामा म्हणाला. आमची बहीण मेलीय, पुरावा आहे, पुन्हा तोंड दाखवू नका, असं सांगितलं होतं. बाई स्टँडवर उतरलेलीच होती. ती भांडली नाही. दुपारच्या गाडीने परत जाते, पुन्हा त्रास देणार नाही, एवढंच म्हणाली. आता फोन लागत नव्हता.

शेजारणीला आईजवळ बसवून दोघं स्टँडकडे धावत निघाले. भाची पुढे, मामा धापा टाकत मागे. परतीची गाडी लागलेली होती, इंजिन सुरू. दाराशी एक म्हातारी बाई पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. उभं राहण्याची ढब थेट आईची. पण ढबीवर काय जायचं, गेल्या वेळी नाक सारखं म्हणून फसलो होतो, असं भाचीने स्वतःला बजावलं. डीएनए तपासणी करूच, पण त्यासाठी बाई आधी थांबायला हवी.

मामा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. ती तारीख मीच टाकली, खोटी टाकली, एवढं कसंबसं म्हणाला.

बाईने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"तुम्ही ठेवलेलं माझं नाव तेवढं ठाऊक होतं, ते शोधत मी किती वर्षं काढली," ती म्हणाली. "तुमच्यातलं जिवंत कुणीच दिसलं नाही. तू मला मारलंस म्हणून तुम्ही सापडलात."

कंडक्टरने घंटी वाजवली. बाईची पिशवी आत, वरच्या फळीवर होती. मामा म्हातारपण विसरून गाडीत चढला आणि ती पिशवी खाली घेऊन उतरला.