सेरवावहिनीचं बोट

आमच्या टेचिमान गावच्या बाजारात आरोग्यखात्याची लारिबा मॅडम दिसली, की आम्ही खानावळवाले भांडी पुसायला धावतो. बाई भलती कडक. झाकणं उचलते, चमचे हुंगते, मोरीत वाकून बघते, आणि तपासणीच्या जागी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. तिने दाराला बंदचा कागद चिकटवला, की गाव जन्मभर बोट दाखवतं, "तीच ना ती, बंद पडलेली?"

त्या शुक्रवारी ती आमच्याकडे आली. बाजाराचा दिवस, बाकं गच्च, उकडलेला कंद कुटून करतात तो फुफू, त्याचा पहिला गोळा अजून उखळातच. मी मुसळ घालत होतो, वहिनी गोळा उलटत होती. मुसळ वर गेलं की तिचा हात आत, खाली यायच्या आत बाहेर. दादा वारल्यापासून तिचं आणि माझं, दोन्ही घरं याच उखळावर चालतात. कसाव्याच्या कंदाचा चिकट गोळा तिच्या मनगटापर्यंत माखलेला. आतलं बोट कापून पिकलंय, हे फक्त मला ठाऊक. "कळतंय कुणाला!" असं सकाळी मीच म्हटलं होतं.

मॅडमने सगळं पाहिलं, माखलेले हात तेवढे राहिले. कागदावर पास म्हणून सही केली आणि, काय सांगू, चक्क बाकावर बसली!

"इतकं लख्ख स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. आज इथेच जेवते. वाढा."

माझा जीव भांड्यात पडला. वहिनीचा हात मात्र उखळातच थांबला. मुसळ मी वरच्या वर कसं आवरलं, देव जाणे.

ती उठली, हात धुतले आणि बोट सगळ्यांसमोर वर धरलं. "मॅडम, हे पिकलंय. यातलं कुणीच खाऊ नका."

"वहिनी, वेड लागलं का? सही झालीय!"

"सही झाली म्हणून बोट बरं होतं का रे, क्वाबेना?" असं म्हणून तिने अख्खा गोळा कचऱ्याच्या बादलीत टाकला.

रोज मिठावरून भांडणारा ट्रकवाला त्वुमासी टोपी काढून उभा राहिला. इतकी वर्षं या बाईसमोर मुसळ घालतोय, आणि ही कोण आहे ते मला आज कळत होतं.

मॅडमने सही खोडली, बंदचा कागद चिकटवला. मग स्वतः पाणी ओतून वहिनीचं बोट धुतलं, पट्टी बांधली. मॅडमचेच डोळे भरले होते. "लपवलेलं शोधायची नोकरी माझी. आपणहून दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं गं."

"आता बोट बरं होईस्तोवर बायकोच्या हातचं खायचं का?" त्वुमासी कण्हला.

बोट बरं झालं, कागद निघाला. दार उघडलं तर पहिल्या बाकावर लारिबा मॅडम, हात धुऊन बसलेली. मागे रस्त्यापर्यंत रांग. मी मुसळ उचललं, वहिनीचा हात आत गेला, आणि मुसळ माझ्या हातात वरच राहिलं. त्या हातावर मुसळ घालायचं धाडसच होईना.

"मार की रे!" वहिनी खेकसली. "माणसं उपाशी बसलीत."