ग्रेडीने ठेवलेला हात

हंगाम जुलैत सुरू होईल. सहापैकी चार संघ खेळतील, दोन बंद राहतील.

आमच्या बेसबॉल लीगचं पहिलं पत्रक एवढंच होतं. साथीच्या आजाराचा तो उन्हाळा. पूर्ण हंगाम होणार नाही हे सगळ्यांनाच कळून चुकलं होतं, फक्त कात्री कुठे लागणार ते ठाऊक नव्हतं. मी हिवाळ्यातलं कामच पुढे ओढत होतो, शेतांवर प्रोपेन गॅसचा ट्रक घेऊन जायचं. उरलेल्या वेळात गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत आलेला पकडायचा.

"भिंतीला विचार, ती खेळणार आहे का यंदा," बायको, ट्रुडी, खिडकीतून म्हणायची.

मी लायल हॉफर. मार्लो संघाचा कॅचर, पिचर फेकतो तो चेंडू फलंदाजामागे उकिडवं बसून पकडणारा. वय छत्तीस. आमच्या लीगमधून वर कोणी जात नाही. वरून टाकलेले आणि वरच्यांनी कधी पाहिलेच नाहीत असे, दोन्ही इथे एकत्र खेळतात. मला वर जायचं नव्हतंच. मला हा एक उन्हाळा हवा होता. सदतिसाव्या वर्षी कॅचरला कोणी विचारत नाही. कापलेला का होईना, शेवटचा तुकडा हवा होता.

सामने सात डावांचे होतील. एका दिवशी दोन. बरोबरी झाल्यास जादा डाव सुरू होताना दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा केला जाईल.

आयता. काही न करता दुसऱ्या बेसवर. दुसऱ्या पत्रकातलं हे मी दोनदा वाचलं. ट्रुडीने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "असा जावई मिळायला पाहिजे."

प्रत्येक संघाला आपले काही खेळाडू राखून ठेवता येतील. बाकीचे सर्व, बंद संघांच्या खेळाडूंसह,

तिसऱ्या पत्रकातलं हे वाक्य मी पुरं वाचायच्या आत ग्रेडी आला. ग्रेडी टॉलिव्हर, आमचा मॅनेजर. मॅनेजरला सगळे म्हणतात तसं मीही त्याला स्किप म्हणायचो. नऊ वर्षं त्याच्यासाठी मातीत बसलो. तो अंगणात माझ्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसला, मी पायरीवर, मध्ये सहा फूट हवा. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत होता, टरफलं माझ्या गवतात.

"तुला राखीव नावांत टाकत नाहीये मी, लायल."

"काय?"

"डोळे काय वटारतोस, ऐकून घे. राखीव नसलेले सगळे एका ढिगात जाणार आणि आम्ही चार मॅनेजर पाळीपाळीने उचलणार. बरोबर? तुझ्यावर माझा हात आहे. तिघांनाही फोन केलेत. तुला कोणी शिवायचं नाही. मग तुझ्यापायी राखीव जागा कशाला जाळू? तिथे आपला शॉर्टस्टॉपचा खेळाडू वाचवतो. तुला शेवटच्या फेरीत घेतो, आरामात."

"शेवटच्या फेरीत? लग्नात उरलेल्या केकसारखं?"

"अरे, तुझ्यावर भरवसा आहे म्हणून मागतोय. दुसऱ्या कोणाकडे मागितलं असतं का?"

हात ठेवणं हा आमच्याकडचा रिवाज. कोणत्याही नियमात नाही. एक मॅनेजर बाकीच्यांना सांगतो, 'याच्यावर माझा हात', की बाकीचे त्या माणसाकडे बघत नाहीत. मैदानात एकमेकांवर थुंकलेली माणसंसुद्धा हे पाळतात, कारण पुढच्या वर्षी हात त्यांचा असतो. आणि हात काढायचा तर ठेवणाऱ्यानेच काढायचा, तोंडाने सांगून. तोवर तो माणूस घरी रिकामा बसलेला दिसला तरी कोणी दार वाजवत नाही.

मी हो म्हणालो. आत जाऊन ट्रुडीला सांगितलं.

"लिहून घेतलंस?" ती म्हणाली.

"हात लिहून घेत नसतात, ट्रुडी."

कोवाचचा फोन त्याच आठवड्यात. एमिल कोवाच, हार्लन बेंडचा मॅनेजर. नऊ वर्षांत मला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं त्याने.

"हॉफर, म्हाताऱ्या, जिवंत आहेस?"

"तुझ्याहून जास्त."

"तुझ्या स्किपचा हात आहे तुझ्यावर म्हणे. तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझ्याकडे कॅचर नाहीत, दोन माठ आहेत, तेही गळके. हात नसेल तर मी तुला दुसऱ्या फेरीत उचलतो. बोल."

मी बोललो. "हात आहे, एमिल."

"ठीक. नशीबवान आहे लेकाचा," तो म्हणाला आणि ठेवला फोन.

निवड मंगळवारी दुपारी. सगळ्यांना ऐकता येईल अशी.

ट्रुडीने कूखन, मलईचा जर्मन केक, भाजला होता. आमच्याकडे बारशाला आणि मयताला, दोन्हीला तोच होतो. स्वयंपाकघरात लॅपटॉपवर चार मॅनेजरांचे आवाज आणि कुणाचा तरी कुत्रा. नाव, संघ, धन्यवाद. नाव, संघ, धन्यवाद. दुसऱ्या फेरीत कोवाचने टेक्सासचा कोणी पोऱ्या घेतला, कॅचर. मी कूखनचा तुकडा तोडला. फेऱ्या संपत आल्या. मी निवांत. मला एवढा निवांत ट्रुडीने लग्नातही पाहिला नव्हता, असं तीच म्हणाली.

शेवटची फेरी. मार्लोची पाळी.

ग्रेडीचा आवाज: "वीलकिन पेगेरो. डावखुरा पिचर."

आणि मग: "धन्यवाद."

कुत्रा भुंकला. मॅनेजर एकेक करून गेले. पेगेरो बंद झालेल्या टू फोर्क्सचा. तो घरी, डॉमिनिकन रिपब्लिकला, परत गेला असं सगळ्यांना वाटत होतं, म्हणून कोणी उचलला नव्हता. पण तो गेला नव्हता.

ट्रुडीने कूखन झाकला.

फोन वाजेल म्हणून मी दोन दिवस थांबलो. ग्रेडीचा नाही, तर दुसऱ्या कुणाचा. कोणाचाच नाही. मग उमगलं. हात अजून माझ्यावरच होता. ठेवणाऱ्याने काढलाच नव्हता. बाकीच्यांना वाटत असणार, काहीतरी आतली व्यवस्था असेल यांची.

मैदानावर गेलो. सराव चालू होता. ग्रेडी होम प्लेटपाशी, फलंदाजाच्या जागी, हातात बॅट घेऊन उभा, पलीकडे पेगेरो आणि बाकीचे पिचर ओळीने गवतात.

"मी येणारच होतो तुझ्याकडे," ग्रेडी म्हणाला.

"कधी? नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला?"

"हे बघ. दिवसाला दोन सामने. सुट्टी नाही. पिचरांचे खांदे गळून पडतील. असा डावखुरा शेवटच्या फेरीत समोर दिसला. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"तुम्ही जे सांगितलं होतं ते."

"लांब हंगाम असता तर तुलाच घेतलं असतं, देवाशपथ. छोट्या हंगामात चुकीला जागा नसते, लायल. तरी तुला सोडलेलं नाहीये मी. सामन्याआधी पिचरांना गरम करायला कोणीतरी लागतंच. टी-शर्ट मिळेल. डगआउटमध्ये, संघाच्या बाकावर, बस आमच्याबरोबर."

"टी-शर्ट."

"चांगलं आहे कापड."

मी म्हणालो, "हात काढा, स्किप. आत्ता. एमिलला फोन लावा, मी ऐकतोय."

त्याने बॅट मातीत टेकवली. मला वाटलं, नाही म्हणेल. त्याने फोन काढला, लावला, आवाज मोठा केला. हे मी त्याच्या बाजूने सांगतो, आवाज त्यानेच मोठा केला.

"एमिल, लायलवरचा हात काढला मी. मोकळा आहे तो."

"काय झालं?" कोवाच विचारत होता. "ठेवलेला हात काढला? तू?"

ग्रेडीने माझ्याकडे पाहिलं. हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता. कारणाशिवाय काढला म्हणाला असता, तर पुढे त्याचा हात कोणीच मानला नसता.

"गुडघा," तो म्हणाला. "डावा. मला वाईट वाटत होतं म्हणून बोललो नव्हतो."

"एमिल," मी फोनकडे वाकून ओरडलो, "गुडघा धडधाकट आहे. लायल बोलतोय."

"हॉफर." कोवाचचा आवाज मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "असं प्रत्येक कॅचर म्हणतो रे. मीही म्हणायचो. हा नऊ वर्षं बघतोय तुला. टेक्सासचा पोऱ्या कालच लंगडला माझा, आजच्या आज माणूस हवाय मला, पण दुसरा लंगडा कसा घेऊ? मी कोणाचं ऐकू?"

"त्याला विचार, समोर काय दिसतंय," मी म्हणालो.

प्लेटच्या मागे गेलो आणि उकिडवा बसलो. मुखवटा नाही, छातीवर कवच नाही, पायांत नुसती विजार. टाचा टेकल्या नाहीत. पिचर सगळे वळून बघायला लागले. पेगेरोने हातातला चेंडू पोटाशी धरला.

"ग्रेडी," फोनमधून कोवाच, "बसलाय का तो?"

"बसलाय."

"कसा बसलाय?"

ग्रेडी माझ्यापासून बॅटच्या लांबीवर उभा होता. त्याने पिचरांकडे पाहिलं, मग बाहेरच्या कुंपणाकडे. माझ्याकडे नाही.

"खोटं बोलू नकोस," मी खालून म्हणालो. त्याच्याशी मी तोवर कधी एकेरी बोललो नव्हतो. "एवढं एकदा. बघ आणि सांग."

"बसलाय ठीक," ग्रेडी फोनमध्ये म्हणाला. "उठताना त्रास होतोय पण. दोन्ही हात टेकावे लागतायत बिचाऱ्याला."

मी अजून उठलोच नव्हतो.